सर्व्हरवर नजर ठेवणारी स्क्रिप्ट: बोलायचं कधी, गप्प बसायचं कधी

महिन्याला काहीशे रुपयांत भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरवर बरंच काही चालतं. वाचनालयाची पुस्तकयादी असते, दवाखान्याची अपॉइंटमेंट घेणारी साइट असते, मंडळाचं देणगी नोंदवायचं पान असतं. तो सांभाळायला पूर्णवेळ माणूस मात्र नसतो. साइट बंद पडली की कोणाचा तरी फोन येतो, तेव्हा कळतं, आणि फोन करणारा आधीच वैतागलेला असतो. त्याच्याआधी आपल्याला कळावं एवढ्यासाठी मोठी यंत्रणा उभारायची गरज नाही. वीस-पंचवीस ओळींच्या दोन-तीन स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारे छोटे प्रोग्राम, पुरतात, आणि त्या लिहिणंही फार अवघड नाही. डोकं लागतं ते पुढच्या प्रश्नाला: स्क्रिप्टने नेमकं कधी बोलायचं, आणि ती गप्प आहे याचा अर्थ काय लावायचा?

अशा स्क्रिप्टचं काम सरळ असतं. काहीतरी मोजायचं, ते ठीक आहे की नाही ते ठरवायचं, आणि नसेल तर माणसाला सांगायचं. गप्पांच्या जागी बॉट, म्हणजे माणसासारखा हजर राहून आपोआप काम करणारा प्रोग्राम, बसवून त्याच्याकडून काम करून घ्यायची सवयही जुनीच. आयआरसी हे गप्पांचं जाळं १९८८ सालचं, आणि त्यावरचा एगड्रॉप हा बॉट रॉबी पॉइंटर यांनी १९९३ मध्ये लिहिला. तो चॅनेलची राखण करायचा आणि टीसीएल भाषेतल्या छोट्या स्क्रिप्ट जोडून त्याला हवं ते शिकवता यायचं. आज आयआरसीच्या जागी टेलिग्राम किंवा मॅस्टोडॉन आलं, बाकी मांडणी तीच राहिली.

मोजण्यापासून सुरू करू, आणि त्यातही डिस्कपासून, कारण छोटे सर्व्हर सगळ्यात जास्त वेळा डिस्क भरल्यामुळे आडवे होतात. लॉग, म्हणजे प्रोग्रामच्या कामाच्या नोंदी, वाढत जातात, बॅकअपच्या जुन्या प्रती कोणी काढत नाही, आणि एके दिवशी डेटाबेसला लिहायला जागाच उरत नाही. साइट उघडते, पण फॉर्म भरला की एरर येते. किती जागा भरली ते ‘डीएफ’ ही कमांड टक्क्यांत सांगते. तो आकडा वेगळा काढायचा, ८५च्या वर गेला का पाहायचं, की झाली पहिली स्क्रिप्ट.

पण डीएफ काय मोजतं ते समजून घ्यायला हवं. लिनक्सवर नेहमी दिसणाऱ्या एक्स्ट४ फाइलसिस्टिममध्ये साधारण ५ टक्के जागा रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्यासाठी राखून ठेवलेली असते. त्यामुळे डीएफ १०० टक्के दाखवतं तेव्हाही रूटला लिहिता येतं, इतरांना येत नाही. रूट म्हणून लॉगिन करून फाइल बनवून पाहिली, बनली, म्हणून ‘डिस्क ठीक आहे’ असा निष्कर्ष काढणारे बरेच भेटतात. दुसरं म्हणजे आयनोड. प्रत्येक फाइलची एक नोंद असते आणि अशा नोंदींची संख्या ठरलेली असते. लाखो चिमुकल्या सेशन फाइल साठल्या की जागा शिल्लक असूनही नवी फाइल बनत नाही, आणि एरर तीच येते: ‘डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही’. म्हणून डीएफ एकदा साधं चालवायचं आणि एकदा आयनोडसाठी ‘आय’चा पर्याय देऊन.

तिसरी गंमत फार छळते. लॉगची दहा जीबीची फाइल उडवली, तरी डीएफचा आकडा जागचा हलत नाही. ज्या प्रोग्रामने ती फाइल उघडून ठेवली आहे तो ती सोडत नाही तोवर लिनक्स ती जागा मोकळी करत नाही. फाइलचं नाव गेलं, फाइल तिथेच आहे. अशा वेळी दिसणाऱ्या फाइलींचे आकार जोडणारी ‘डीयू’ ही कमांड आणि ‘डीएफ’ यांचे आकडे जुळत नाहीत, आणि ‘एलएसओएफ’ने ती अदृश्य फाइल कोणी धरली आहे ते कळतं. चालू लॉग उडवायचा नसतो, आतून रिकामा करायचा असतो. त्याहून बरं म्हणजे जुने लॉग आपोआप बाजूला काढणारं ‘लॉगरोटेट’ नीट बसवावं आणि हा विषय संपवावा.

मेमरी आणि लोड हे दोन आकडे लोक हौसेने मोजतात आणि बहुतेक वेळा चुकीचे वाचतात. लिनक्स रिकामी मेमरी वाया जाऊ देत नाही, डिस्कवरचा मजकूर तिच्यात धरून ठेवतं. त्यामुळे ‘फ्री’ कमांडमधला ‘फ्री’चा रकाना जवळपास नेहमीच लहान दिसतो. बघायचा तो ‘अव्हेलेबल’चा रकाना. लोडचे तीन आकडे म्हणजे शेवटच्या १, ५ आणि १५ मिनिटांत किती कामं चालू किंवा रांगेत होती त्याची सरासरी. चार कोअरच्या, म्हणजे एकदम चार कामं करणाऱ्या, मशीनवर लोड ४ असेल तर घाबरायचं काही नाही, एका कोअरच्या मशीनवर तोच आकडा म्हणजे रांग लागली आहे. शिवाय लिनक्सच्या या आकड्यात डिस्कची वाट पाहत अडकलेली कामंही धरलेली असतात, म्हणजे प्रोसेसर निवांत बसलेला असतानाही लोड चढू शकतो. माझं मत विचाराल तर छोट्या सर्व्हरवर या दोन्हींचे अलर्ट लावूच नयेत. त्यापेक्षा मेमरी संपल्यामुळे कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, एखादा प्रोग्राम मारला का, हे लॉगमध्ये शोधणारी एक ओळ जास्त कामाची. असा बळी बहुधा डेटाबेसचाच जातो, कारण सगळ्यात जास्त मेमरी त्याच्याकडे असते.

साइट चालू आहे का, हे पाहायला ‘कर्ल’ लागतं. डॅनियल स्टेनबर्ग यांनी १९९८ मध्ये या नावाने आणलेला हा प्रोग्राम आज जवळजवळ प्रत्येक सर्व्हरवर असतो. पान मागवायचं आणि उत्तराचा कोड पाहायचा: २०० आला तर बरं, ५०२ किंवा ५०३ आला तर मागचा प्रोग्राम पडलेला किंवा दमलेला. इथे वेळेची मर्यादा द्यायला विसरू नये. नाहीतर सर्व्हर उत्तरही देत नाही आणि नाहीही म्हणत नाही, आणि आपली स्क्रिप्ट ताटकळत बसते. दहा सेकंद पुष्कळ झाले. नुसत्या २००वर विसंबूनही चालत नाही, कारण कोरं पानही २०० घेऊन येऊ शकतं. पानात हमखास असणारा एखादा शब्द, उदाहरणार्थ संस्थेचं नाव, उत्तरात सापडतो का तेही पाहावं.

साइटची ओळख पटवणाऱ्या, ‘https’साठी लागणाऱ्या सर्टिफिकेटची तपासणी तर आता करायलाच हवी. लेट्स एन्क्रिप्टचं मोफत सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं आणि ते आपोआप नवं होतं, म्हणून सगळे निर्धास्त असतात. पूर्वी मुदत संपत आली की त्यांच्याकडून ईमेल यायची, ती त्यांनी जून २०२५ मध्ये बंद केली. त्यात मुदतीही आखडत चालल्या आहेत: ब्राउझर आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांनी मिळून ठरवलंय की मार्च २०२९ पासून कोणतंही सर्टिफिकेट ४७ दिवसांपेक्षा जास्त मुदतीचं नसेल. तपासणी मात्र डिस्कवरच्या फाइलची करू नये. फाइल नवी झालेली असते, पण एनजिनएक्स या वेब सर्व्हरला कोणी ‘रीलोड’ सांगितलेलं नसतं आणि तो जुनंच सर्टिफिकेट वाटत बसतो. बाहेरून, पाहुण्यासारखं जोडून घेऊन, जे हातात येईल त्याची मुदत पाहावी. ओपनएसएसएलला ‘इतक्या सेकंदांत हे संपणार आहे का’ असं थेट विचारता येतं. १४ दिवस म्हणजे १२,०९,६०० सेकंद.

आता ठरवण्याचा भाग. युनिक्सवरचा प्रत्येक प्रोग्राम संपताना एक आकडा मागे ठेवतो. ० म्हणजे काम झालं, दुसरं काहीही म्हणजे नाही झालं. कर्लचा २८ म्हणजे वेळ संपला, ६ म्हणजे डोमेनचं नावच सापडलं नाही, ७ म्हणजे जोडणी झाली नाही. हे तिन्ही ‘साइट बंद’ या एकाच मेसेजात कोंबले तर रात्री दोन वाजता कुठून सुरुवात करायची ते कळत नाही, म्हणून हा आकडा मेसेजात जायलाच हवा. आपल्या स्क्रिप्टनेही असाच आकडा मागे ठेवावा. त्यासाठी एक रूढ पद्धत आहे, नागिओस या सर्व्हरांवर नजर ठेवणाऱ्या प्रणालीमुळे पसरलेली: ० ठीक, १ इशारा, २ गंभीर, ३ ‘मोजताच आलं नाही’. हा ३ लोक विसरतात. डीएफच चाललं नाही तर टक्क्यांच्या जागी रिकामं काहीतरी येतं, आणि ‘रिकामं ८५पेक्षा मोठं आहे का’ या प्रश्नाला बॅश, म्हणजे स्क्रिप्ट वाचून चालवणारा प्रोग्राम, पटकन एक एरर फेकतं आणि ‘नाही’ धरून पुढे जातं. मोजता न आलेली डिस्क अशी ‘ठीक’ ठरते.

स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी चालवायचं काम ‘क्रॉन’ या वेळापत्रक सांभाळणाऱ्या प्रोग्रामचं. ओळीची सुरुवात अशी असते, पुढे स्क्रिप्टचा पत्ता (खऱ्या फाइलीत आकडे अर्थातच इंग्रजी):

*/५ * * * *

पाच जागा म्हणजे मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार. पहिल्या जागेचा अर्थ दर पाचव्या मिनिटाला, बाकीच्या ताऱ्यांचा अर्थ काहीही चालेल. तारीख आणि वार दोन्ही भरले तर क्रॉन ‘दोन्ही जुळले तर’ असं धरत नाही, ‘यातलं एक जरी जुळलं तरी’ असं धरतो. त्यामुळे ‘१ तारखेला सोमवार असेल तरच’ असं समजून लिहिलेली ओळ प्रत्येक सोमवारी चालते, आणि १ तारखेलाही. सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असतं, भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. सकाळी ९ला रोजचा अहवाल हवा असेल तर लिहायचं ३० ३ * * *.

टर्मिनलवर हाताने चालवली तर स्क्रिप्ट चालते, क्रॉनमधून नाही, ही तक्रार वर्षानुवर्षं तीच आहे आणि कारणंही तीच. क्रॉन स्क्रिप्टला फार तुटपुंजं वातावरण देतो. कमांड कुठे शोधायच्या त्या जागांची यादी, म्हणजे ‘पाथ’, दोन-चार डिरेक्टरींची असते. म्हणून कमांडचा पूर्ण पत्ता लिहावा, नाहीतर १२७ हा आकडा मिळतो: कमांड सापडली नाही. क्रॉनच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह वापरलं तर क्रॉन तिथे ओळ संपली असं समजतो, त्यामुळे तारखेवरून फाइलचं नाव बनवणारी ओळ मधेच कापली जाते. आणि आधीची फेरी अडकलेली असताना पुढची सुरू होऊ नये म्हणून स्क्रिप्ट एका वेळी एकच फेरी चालू देणाऱ्या ‘एफलॉक’मधून चालवावी. हे नसेल तर सर्व्हर धापा टाकत असताना त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या स्क्रिप्टच त्याच्या डोक्यावर बसतात.

सांगायचं कुठे? ईमेल स्वस्त, पण स्पॅममध्ये जाते. एसएमएसचं नाव निघालं की दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांप्रमाणे डीएलटी या व्यवस्थेत नोंदणी आली, पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचा दोन्ही मंजूर करून घेणं आलं. वर मराठीत लिहिलं तर एका एसएमएसमध्ये १६०ऐवजी ७०च अक्षरं बसतात, आणि काना-मात्राही त्यातच मोजल्या जातात. व्हॉट्सॲप सगळ्यांकडे असतं खरं, पण त्याच्या अधिकृत मार्गाने आपणहून मेसेज पाठवायचा तर तिथेही साचा मंजूर करून घ्यावा लागतो, आणि अनधिकृत मार्गाने गेलं तर नंबर बंद होण्याची टांगती तलवार. ट्विटरवर पूर्वी हौशी बॉटांची रेलचेल होती. २०२३ मध्ये, ते एक्स होण्याच्या थोडं आधी, फुकट एपीआय, म्हणजे प्रोग्रामने ट्विटर वापरायचा मार्ग, आखडला गेला. नुसतं पोस्ट करण्यापुरता महिन्याला १,५००चा फुकट कोटा उरला, त्याहून जास्त काही हवं तर १०० डॉलरपासून सुरुवात. दर त्यानंतरही बदलत राहिले. तिथलं बॉटांचं रान तेव्हापासून विरळ झालं.

म्हणून छोट्या कामाला टेलिग्राम. २०१५ पासून तिथे कोणालाही बॉट बनवता येतो. ‘बॉटफादर’ नावाच्या बॉटशी बोलायचं, नाव द्यायचं, तो एक लांबलचक टोकन, म्हणजे बॉटची गुप्त किल्ली, देतो. ते टोकन पत्त्यात घालून ‘सेंडमेसेज’ला कर्लने मजकूर पाठवला की फोन वाजतो. बॉट आपणहून कोणाशी बोलायला सुरुवात करू शकत नाही, आधी तुम्हाला त्याला ‘स्टार्ट’ म्हणावं लागतं. ग्रुपचा क्रमांक उणे चिन्हाने सुरू होतो, ते चिन्ह विसरू नये. आणि साधा ग्रुप वाढून ‘सुपरग्रुप’ झाला की हा क्रमांकच बदलतो, तेव्हा काल चालणारे अलर्ट आज मुकाट्याने बंद पडतात.

एक खोड मात्र नीट पाहण्यासारखी आहे. मेसेज ठळक-तिरका दिसावा म्हणून लोक ‘मार्कडाउन’ चालू करतात. त्यात खालच्या रेघेचा, अंडरस्कोअरचा, अर्थ ‘इथून तिरकं सुरू’ असा होतो. बॅकअपच्या फाइलीच्या नावात एकच अंडरस्कोअर असेल तर टेलिग्रामला दुसरा सापडत नाही, तो ४०० कोड देऊन पूर्ण मेसेजच नाकारतो. ‘सगळं ठीक’ या मेसेजात अंडरस्कोअर नसतो, त्यामुळे चाचणी दर वेळी पास होते. ‘बॅकअप फसला, फाइल अमुक’ या मेसेजात तो असतो. अलर्ट साध्या मजकुरातच पाठवावेत, आणि पाठवणाऱ्या कर्लचा आकडाही तपासावा. कर्लला ‘फेल’चा पर्याय दिला नाही तर ४०० येऊनही तो ०च मागे ठेवतो, हेही इथेच लक्षात ठेवावं.

सार्वजनिकपणे सांगायचं असेल, म्हणजे ‘साइट आज रात्री ११ ते १२ बंद राहील’ असं, तर मॅस्टोडॉन सोयीचं. ऑयगन रोखको यांनी २०१६ मध्ये सुरू केलेलं हे जाळं वेगवेगळ्या सर्व्हरांवर पसरलेलं आहे आणि एका पोस्टला सहसा ५०० अक्षरं मिळतात. टोकन बनवताना फक्त पोस्ट लिहिण्याचीच परवानगी देता येते, खातं बॉटचं आहे अशी खूण करता येते, आणि प्रत्येक विनंतीला एक खुणेची किल्ली जोडता येते. जाळं तुटून स्क्रिप्टने तीच विनंती त्याच किल्लीने पुन्हा पाठवली तरी पोस्ट एकदाच पडते. हे इतरांनीही उचलावं असं आहे.

साइटवरचा नवा लेख आपोआप चॅनेलवर टाकणारी स्क्रिप्ट याच सामानातून बनते. आरएसएस, म्हणजे साइटवरच्या नव्या लेखांची यादी, वाचायची, शेवटचा टाकलेला लेख कोणता ते एका फाइलीत लिहून ठेवायचं, त्यानंतरचे टाकायचे. पहिल्या फेरीत ही फाइल रिकामी असते, म्हणून स्क्रिप्टला सगळेच लेख नवे वाटतात आणि चॅनेलवर एकदम पूर येतो. पहिल्या फेरीत फक्त नोंद करायची, टाकायचं काही नाही.

ही आठवणीची फाइल सर्व्हरच्या अलर्टलाही लागते, आणि इथूनच गप्प बसण्याची कला सुरू होते. डिस्क ८६ टक्के झाली आणि स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी ओरडत राहिली तर रात्रभरात शंभराच्या आसपास मेसेज होतात. दुसऱ्या दिवशी माणूस ग्रुप म्यूट करतो, आणि म्यूट केलेला ग्रुप असून नसल्यासारखा. म्हणून मागच्या वेळची स्थिती फाइलीत ठेवायची आणि स्थिती बदलली तरच बोलायचं: एकदा ‘बिघडलं’, एकदा ‘सुधारलं’. आकडा ८४-८६-८४ असा झुलत असेल तर हेही पुरत नाही. तेव्हा ८५ला बिघडलं म्हणायचं, पण ८०च्या खाली आल्याशिवाय सुधारलं म्हणायचं नाही. साइटच्या तपासणीत एका अपयशावर बोलायचंच नाही, लागोपाठ दोन-तीन झाली तर बोलायचं, कारण इंटरनेटवर एखादी विनंती हरवणं रोजचं आहे. सर्टिफिकेटसारख्या निवांत गोष्टी रात्री सांगायच्या नाहीत, सकाळच्या अहवालात घालायच्या. ज्या अलर्टवर उठून काही करायचं नसतं, तो अलर्ट काढून टाकावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

एवढं करून स्क्रिप्ट शहाणी होते आणि दिवसेंदिवस गप्प राहते. आता ग्रुपवर महिनाभर काहीच आलं नाही याचे दोन अर्थ निघतात. एक म्हणजे सगळं ठीक चाललंय. दुसरा म्हणजे सर्व्हर बदलताना क्रॉनची ओळ आणायची राहिली, टोकन बदललं, किंवा सर्व्हरच बंद आहे आणि त्याच्यावरची स्क्रिप्टही त्याच्याबरोबर झोपली आहे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

४ ऑक्टोबर २०२१ला भारतात रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकदम गेले ते जवळपास सहा तास. नेहमीच्या देखभालीत दिलेल्या एका कमांडने त्यांच्या डेटासेंटरांना जोडणारं जाळंच तुटलं. अशा चुकीच्या कमांड अडवणारं साधन होतं, त्यातल्या दोषामुळे ही सुटली. डेटासेंटरांशी संपर्क तुटलेला पाहून नावावरून पत्ता सांगणाऱ्या त्यांच्या डीएनएस सर्व्हरांनी इंटरनेटला आपला रस्ता सांगणंच थांबवलं. दुरुस्तीला लागणारी त्यांची आतली साधनंही त्याच जाळ्यावर होती, तीही गेली. शेवटी इंजिनिअरांना प्रत्यक्ष डेटासेंटरात पाठवावं लागलं, आणि तिथल्या कडक सुरक्षेतून आत शिरायलाही वेळ गेला. पहारा आणि पहाऱ्यातली वस्तू एकाच आधारावर उभी असेल तर दोन्ही एकदम पडतात, मग कंपनी केवढीही असो.

छोट्या सर्व्हरला यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही स्वस्त. साइटची तपासणी दुसऱ्या जागेवरून करायची: दुसऱ्या कंपनीचा छोटा सर्व्हर चालेल, घरचा रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक चालेल. आणि स्क्रिप्टने शेवटच्या ओळीत बाहेरच्या एका पत्त्यावर हजेरी लावायची. सोसायटीचा रखवालदार रात्री तासातासाला शिट्टी वाजवतो तसं हे आहे, शिट्टी आली नाही की लोक खिडकीत येतात. हेल्थचेक्ससारखी सेवा नेमकं हेच करते: ठरलेल्या वेळात हजेरी आली नाही तर ती तुम्हाला कळवते. बॅकअपला हे खास लावावं. ‘बॅकअप फसला’ असं सांगणारी स्क्रिप्ट पुरेशी नाही, कारण जो बॅकअप सुरूच झाला नाही तो फसतही नाही. हजेरीची ओळ मात्र ‘अँड-अँड’ने (&&) आधीच्या कामाला जोडलेली असावी, म्हणजे बॅकअपने ० मागे ठेवला तरच ती चालेल. नुसती खाली लिहून ठेवली तर बॅकअप झाला काय, न झाला काय, शिट्टी वाजतच राहते.

टोकनबद्दल थोडं. ज्याच्या हाती टोकन, त्याचा बॉट. ते स्क्रिप्टमध्ये न लिहिता वेगळ्या फाइलीत ठेवावं, त्या फाइलीला ६०० ही परवानगी द्यावी, म्हणजे मालकाशिवाय ती कोणाला वाचता येत नाही, आणि ती गिटमध्ये, म्हणजे कोडचे बदल साठवणाऱ्या प्रणालीत, जाणार नाही याची तजवीज आधीच करावी. कर्लच्या ओळीत टोकन थेट लिहिलं तर त्याच सर्व्हरवर लॉगिन असलेल्या दुसऱ्याला चालू प्रोग्राम दाखवणाऱ्या ‘पीएस’ कमांडमध्ये ते दिसू शकतं, म्हणून पत्ता कर्लला फाइलीतून वाचायला द्यावा. बाहेर गेलंच तर बॉटफादरला ‘रिव्होक’ सांगून नवं घ्यावं. नुसती गिटमधली ओळ पुसून उपयोग नाही, गिटच्या इतिहासात ती राहतेच.

सर्व्हर चार-पाच झाले, आलेख हवेसे वाटू लागले, दोघं-तिघं मिळून पाळी वाटून घेऊ लागले, की घरच्या स्क्रिप्टचा पसारा आवरत नाही. मग तयार प्रणालीकडे जावं. साइटच्या तपासणीपुरतं हवं असेल तर अपटाइम कुमा अर्ध्या तासात बसतं, आकडे साठवून आलेख पाहायचे असतील तर प्रोमिथियस आहे. नागिओस घेतलं तर जुन्या स्क्रिप्ट फेकायचीही गरज नाही. ०, १, २, ३ची पद्धत पहिल्यापासून पाळली असेल आणि स्क्रिप्ट एका ओळीत काय झालं ते छापत असेल, तर ती आहे तशी त्याला जोडता येते.